डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आलाय, आता काय करू?

हे पत्र सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आलंय, नाव-गाव अर्थातच देत नाही. लिहिणारी ३१ वर्षांची आहे, मोठी मुलगी बालवाडीत जाते, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत आणि तेरावा आठवडा चालू आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ताची टेस्ट करायला सांगितली. सोनोग्राफी चांगली आली, पण रक्ताच्या रिपोर्टवर लाल अक्षरात ‘हाय रिस्क, ट्रायसोमी २१, १:१६०’ असं छापून आलं (ट्रायसोमी २१ म्हणजेच डाऊन सिंड्रोम). डॉक्टर म्हणाले एनआयपीटी ही रक्ताचीच पुढची टेस्ट करा नाहीतर पोटातून सुईने पाणी काढून गर्भजल तपासणी करा, पण ओपीडीत गर्दी होती, बोलणं तेवढ्यावरच राहिलं. नवरा मुंबईला नोकरीला, तो फोनवर म्हणतो ‘तू ठरव, माझा पाठिंबा आहे’. नणंद म्हणते कशाला खर्चात पडतेस, अजून दिवस कमी आहेत, आत्ताच खाली करून मोकळी हो. सासूबाई म्हणतात ग्रहणात सुरी हातात धरलीस त्याचंच हे, आणि त्या देवळात कौल लावायला निघाल्यात. ती विचारते, ‘ताई, माझं बाळ मतिमंद आहे असं आता नक्की समजायचं का? पोटात सुई टोचली की बाळ जातं म्हणतात, मग टेस्ट करू की नको? आणि माझ्यातच काही दोष असेल तर पुढेही असंच होणार का?’ रिपोर्टचे आणि सोनोग्राफीचे फोटो तिने सोबत पाठवलेत.

---

अगं, आठ रात्री धड झोप नाही असं लिहिलंयस म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तसं अजिबात नक्की समजायचं नाही. १:१६० म्हणजे तुझ्यासारखाच रिपोर्ट आलेल्या १६० बायका घेतल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १५९ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत बोलायचं तर अर्ध्या टक्क्याच्या थोडंसं वर, बस. लाल शाईत छापलं आणि पुढे ‘हाय’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं शंभरात नव्वद असणार, आणि ते असं नसतं हे ओपीडीत कुणीतरी दोन मिनिटं काढून सांगायला हवं होतं तुला. बहुतेक लॅब १:२५० ही रेघ धरतात, त्याच्या अलीकडे आकडा आला की हाय, पलीकडे गेला की लो. १:२४० वाली घाबरून रडते आणि १:२६० वाली पेढे वाटते, पण दोघींच्या बाळांत फरक जवळजवळ काहीच नाही.

आता तुझ्या रिपोर्टबद्दल. फोटो मोठा करून मी दोनदा वाचला, कारण असे कागद बघताना मला सवय आहे की आकड्याकडे जायच्या आधी वरची माहिती बघायची, जन्मतारीख, वजन, किती आठवडे, सोनोग्राफीची तारीख. तुझ्या रिपोर्टवर वजन, जन्मतारीख बरोबर आहे. पण एनटीच्या (बाळाच्या मानेमागचं सोनोग्राफीतलं माप) रकान्यात लिहिलंय ‘माहिती दिलेली नाही’. आणि तुझ्या सोनोग्राफीच्या कागदावर मात्र एनटी १.४ मिलिमीटर, बाळाची लांबी ५८ मिलिमीटर आणि नाकाचं हाड दिसतंय असं स्पष्ट लिहिलेलं आहे! म्हणजे काय झालंय, तुझं रक्त लॅबला गेलं, सोबतच्या फॉर्मवर सोनोग्राफीचे आकडे कुणी भरलेच नाहीत, आणि लॅबने फक्त तुझं वय आणि रक्तातले दोन घटक धरून १:१६० काढून दिला. हे आपल्याकडे फार वेळा होतं, ब्लड कलेक्शनवाला मुलगा घाईत असतो आणि सोनोग्राफीचा कागद पेशंटच्या पिशवीतच राहतो.

याचा फरक किती पडतो ते सांगते. एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागे कातडीखाली जमलेल्या पाण्याची जाडी, ती बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, म्हणजे साधारण ११ ते पावणेचौदा आठवड्यांतच मोजतात. डाऊन असलेल्या बाळांमध्ये ती बऱ्याचदा वाढलेली असते. रक्तात दोन गोष्टी बघतात, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी, डाऊनमध्ये पहिली कमी होते आणि दुसरी वाढते, सरासरीच्या साधारण निम्मी आणि दुप्पट. नुसतं वय आणि रक्त धरलं तर डाऊन असलेल्या १०० बाळांपैकी साठ-पासष्ट हाताला लागतात, आणि एनटी जोडली की ८५-९०. तेव्हा डबल मार्कर खरं तर सोनोग्राफीशिवाय अर्धवटच. म्हणून तुझं पहिलं काम एनआयपीटी नाही आणि सुई तर नाहीच. डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफीचा कागद पुढे ठेव आणि लॅबला हे आकडे घालून रिस्क परत काढून द्यायला सांग, रक्त परत द्यावं लागत नाही, नवा कागद येतो. एनटी नॉर्मल असल्यामुळे आकडा सुधारण्याची शक्यता बरीच आहे, पण तुझा पॅप-ए सरासरीच्या ०.४ पटीच्या आसपास आहे म्हणजे कमीच आहे, त्यामुळे सुधारून किती होईल ते मी इथून सांगणार नाही. मात्र एकदाच काढून घे. या लॅबमधून त्या लॅबमध्ये, मनासारखा आकडा येईपर्यंत फिरायचं, असं करणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यातून हाती काही लागत नाही, वेळ मात्र जातो.

आणि हो, नवा आकडा छान आला तरी कमी पॅप-ए विसरायचा नाही. बाळाचे गुणसूत्र नॉर्मल असूनही पॅप-ए खूप कमी असेल तर पुढे बाळाची वाढ कमी राहणं, आईचं बीपी वाढणं याची शक्यता थोडी जास्त असते. तुझ्या डॉक्टरांना सोळावा आठवडा लागायच्या आत विचार की मला कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का, आणि शेवटच्या तीन महिन्यांत वाढीची सोनोग्राफी कधी करायची. हाय रिस्कच्या गडबडीत हा मुद्दा सगळेच विसरतात.

आता ही टेस्ट असं का करते, साध्या नॉर्मल बायकांना का घाबरवते, ते समजून घे म्हणजे राग थोडा कमी होईल. डबल मार्कर काय, दुसऱ्या तिमाहीतला क्वाड्रपल मार्कर काय, या चाळणी टेस्ट आहेत, निदान करणाऱ्या नाहीत. तू किनाऱ्यावरची आहेस, रापण ओढताना बघितलीच असशील. जाळ्यात हवी ती मासळी येते तसं बाकीचंही सगळं येतं, निवडणं नंतर वाळूवर बसून होतं. या टेस्टमध्येही मुद्दाम जाळं मोठं ठेवलेलं आहे, ज्यांची बाळं अगदी नॉर्मल आहेत अशा १०० बायकांमध्ये सुद्धा साधारण पाच जणींचा रिपोर्ट हाय येणार हे आधीच धरलेलं असतं. तू आत्ता जाळ्यात आहेस, निवडणं व्हायचंय. नणंदेचं म्हणणं मला इथेच पटत नाही. ती वाईट मनाने बोलली असेल असं मी म्हणत नाही, तिला वाटलं असेल वहिनीचा त्रास वाचेल. पण चाळणी टेस्टच्या रिपोर्टवर गर्भपात करणं म्हणजे त्या १६० मधल्या १५९ जणींनी चांगलं बाळ घालवणं, आणि कुठलाही शहाणा डॉक्टर नुसत्या या कागदावर ते करणार नाही.

समज, एनटी घालूनही आकडा तसाच राहिला, १:१६० च. मग दोन रस्ते, आणि तिसराही आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही, त्यावर येते पुढे.

पहिला रस्ता एनआयपीटी. यात पोटाला हात लावत नाहीत, तुझ्या दंडातलंच रक्त घेतात. बाळाच्या वारेतून डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात येत असतात, दहाव्या आठवड्यापासून पुढे ते मोजण्याइतके असतात, त्यात २१ नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे जास्त आहेत का ते बघतात. डाऊनसाठी ही टेस्ट १०० पैकी ९९ बाळं ओळखते, आणि नॉर्मल बाळाला चुकून हाय म्हणण्याचं प्रमाण हजारात एक किंवा त्याहून कमी. ऐकायला वाटतं संपला प्रश्न, पण थोडा हिशोब करू. तुझ्यासारख्या १:१६० वाल्या १६,००० बायका धर. त्यात १०० जणींच्या बाळांना डाऊन आहे, १५,९०० जणींच्या नाही. एनआयपीटी त्या १०० पैकी ९९ ना हाय म्हणेल, आणि बाकीच्या १५,९०० पैकी सुमारे १६ जणींना विनाकारण हाय म्हणेल. म्हणजे हाय आलेल्या ११५ जणींमध्ये १६ जणींची बाळं नॉर्मल, सातातली एक! आणि लो आलेल्या पंधरा हजार आठशेवर बायकांमध्ये सुटलेलं बाळ एकच. तेव्हा एनआयपीटी लो आला तर तुझा रिस्क १:१६० वरून १:१६,००० च्या जवळ जातो, शांतपणे झोप. पण हाय आला तर तो निकाल नाही, त्यावर निर्णय घ्यायचा नाही, गर्भजल तपासणी करूनच घ्यायची. (दुसऱ्या वाचणाऱ्या मुलींसाठी सांगते, जिचा आधीचा रिस्क कमी आहे, समजा १:१०००, तिचा एनआयपीटी हाय आला तर निम्म्यापर्यंत वेळा तो चुकीचा असू शकतो. चूक का होते, तर ते डीएनए वारेचं असतं, आणि कधीकधी वारेत गडबड असते, बाळात नसते.)

खर्च बराच आहे, लॅबप्रमाणे कमी-जास्त. रक्त तालुक्याला घेऊन मुंबईकडे पाठवणारे कलेक्शन सेंटर बहुतेक ठिकाणी असतात, त्यासाठी खास ट्यूब येते ज्यात रक्त काही दिवस टिकतं, तरी पावसात घाट बंद, गाड्या लेट असं आपल्याकडे होतंच, म्हणून रक्त द्यायच्या आधी विचारून घे की सॅम्पल कुठल्या दिवशी निघतो, आणि रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे धर. वजन जास्त असेल तर बाळाच्या डीएनएचं प्रमाण कमी भरतं आणि ‘रिझल्ट नाही’ येऊ शकतो, तेव्हा लॅब परत रक्त मागते, त्याचे वेगळे पैसे पडतात का तेही आधीच विचार. आणि मुलगा की मुलगी ते या रिपोर्टवर येत नाही, विचारायचंही नाही, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे आणि तो या टेस्टलाही लागतो. घरात दुसऱ्या वेळी ‘बघ ना गो काय आसा तां’ अशी कुजबुज सुरू होते म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक अपवाद. एनटी साडेतीनच्या पुढे असेल किंवा सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात, पोटात, कुठे काही वेगळं दिसत असेल तर एनआयपीटीवर वेळ घालवायचा नाही, सरळ गर्भजल तपासणी, कारण तेव्हा डाऊनशिवाय दुसरेही प्रश्न असू शकतात जे एनआयपीटीत दिसतच नाहीत. तुझं तसं नाहीये.

दुसरा रस्ता, तुला ज्याची भीती वाटते तो. गर्भजल तपासणी सोळाव्या आठवड्यापासून करतात. सोनोग्राफीवर बघत बघत बारीक सुई पोटातून पाण्यात नेतात, साधारण १५-२० मिली पाणी काढतात, बाळाला सुई लागत नाही, काम दोन-चार मिनिटांचं. त्या पाण्यात बाळाच्या कातडीच्या पेशी तरंगत असतात, त्यांची गुणसूत्रं मोजली की होय की नाही हे पक्कं कळतं. पहिला झटपट रिपोर्ट दोन-चार दिवसांत, पूर्ण कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांचा रिपोर्ट, दोन-तीन आठवड्यांत. ‘सुई टोचली की बाळ जातं’ हे म्हणणं पूर्ण खोटं नाही पण फार फुगवलेलं आहे, रोज हे काम करणाऱ्या हातात बाळ जाण्याचं प्रमाण २०० मध्ये एक ते १००० मध्ये एक या दरम्यान धरतात. म्हणून हे वर्षातून एखाद-दुसरी करणाऱ्याकडे नाही, फीटल मेडिसिनवाल्याकडे, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञाकडे, करून घ्यायचं. तुमच्याकडून कोल्हापूर, मुंबई, नाहीतर गोव्यात बांबोळीला चौकशी कर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परळच्या मोठ्या सरकारी, पालिकेच्या हॉस्पिटलांतही विचारता येतं, प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल त्यांनी आधी तिकडेच बघावं. त्याच दिवशी घाट उतरून घरी यायचं नाही, नातेवाइकांकडे दोन दिवस थांब, आणि पाणी जाणं, रक्त दिसणं, ताप, पोटात कळा यातलं काही झालं तर फोन करत बसू नकोस, हॉस्पिटल गाठ.

तुझ्या फाईलच्या कव्हरवर कोपऱ्यात पेनाने ‘ए निगेटिव्ह’ लिहिलेलं दिसतंय. गर्भजल तपासणी झालीच तर त्यानंतर तुला अँटी-डीचं इंजेक्शन लागेल, नवऱ्याचा ग्रुप पॉझिटिव्ह असेल तर. हे सांगायला विसरू नकोस, नव्या ठिकाणी गेलं की तिथल्या कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. आणि सहीचा कागद, संमतीपत्र, तुला समजतं त्या भाषेत असायला हवं आणि त्याची एक प्रत तुला मिळायला हवी, हा कायदाच आहे, मागून घे.

वेळ पुरेल का ही तुझी काळजी पत्रभर दिसते, नणंदेच्या ‘अजून दिवस कमी आहेत’ मुळे ती वाढलीय. तर बघ, आत्ता तेरावा. एनआयपीटी आज दिला तरी पंधराव्यापर्यंत रिपोर्ट. हाय आला तर सोळाव्यात पाणी, झटपट रिपोर्ट सतराव्याच्या आत, पूर्ण रिपोर्ट एकोणिसाव्यापर्यंत. गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदललाय, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं, आणि बाळात असं मोठं अपंगत्व येण्याची शक्यता हे त्यातलं एक मान्य कारण आहे, चोवीसच्या पुढे गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. म्हणजे तुला धावत सुटायचं कारण नाही. आणि सही तुझी एकटीची लागते, सज्ञान बाईला नवऱ्याची किंवा सासरची परवानगी लागत नाही, कुणी ‘आण’ म्हणालं तर कायदा माहीत आहे असं सांग. उलट बाजूनेही तेच, तू नको म्हणालीस तर कुणी तुला टेबलावर झोपवू शकत नाही.

आता तो तिसरा रस्ता. काहीच पुढची टेस्ट न करणं. हा हट्ट नाही, हाही विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. तुझ्या मनात जर पक्कं असेल की काहीही निघालं तरी हे बाळ मी ठेवणार, तर सुईचा धोका कशासाठी घ्यायचा? पण अशा बाईलाही मी एनआयपीटी आणि अठरा-वीस आठवड्यांची ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट बघणारी सोनोग्राफी, करून घे म्हणते, कारण डाऊनच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, काहींचं आतडं जन्मतः बंद असतं, आणि हे आधी कळलं तर बाळंतपण तालुक्याला न करता जिथे नवजात बाळांचा आयसीयू आहे तिथे करता येतं. मात्र ॲनोमली स्कॅन नॉर्मल आली म्हणजे डाऊन नाही असं कुणी सांगितलं तर धरू नकोस, बऱ्याच डाऊनच्या बाळांची सोनोग्राफी स्वच्छ दिसते.

तू लिहिलंयस ‘मतिमंद’. तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत नाही, बहुतेक आळीतलं कुणीतरी, ज्याला लोक जत्रेत लपवून ठेवतात. म्हणून थोडं सांगते. डाऊन म्हणजे २१ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं, फ्रान्समध्ये १९५९ साली हे सापडलं. या मुलांची समज बहुतेक वेळा सौम्य ते मध्यम कमी असते, चालणं-बोलणं उशिरा येतं, थायरॉईड, कान, डोळे सतत तपासावे लागतात. हृदयाचं ऑपरेशन वेळेवर झालं आणि उपचार नीट मिळाले तर आता ही माणसं साठीपर्यंतही जगतात. माझ्या ओळखीचं एक घर आहे, वेंगुर्ल्याकडचं, त्यांचा मुलगा विशीच्या पुढचा. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं, शाळा चौथीपर्यंत जमली. तो आता घरच्या काजूच्या कामात बसतो, अख्खा गर एका ताटात, पाकळी दुसऱ्यात, तुकडा तिसऱ्यात, त्याच्या हातून मिसळ होत नाही. गणपतीत आरतीला झांज त्याचीच. आणि त्याच्या आईने मला हेही सांगितलंय की रात्री एकच विचार येतो, आमच्यामागे याचं कोण. दोन्ही खरं आहे. झांजेचं सांगून मी तुला बाळ ठेव म्हणत नाही आणि आईच्या काळजीचं सांगून नको म्हणत नाही. तुझ्या घरात माणसं किती, पैसा किती, मोठ्या मुलीचं काय, तुझी स्वतःची ताकद किती, हे तुलाच माहीत, आणि दोन्हीपैकी जे ठरवशील त्यासाठी तुला कुणासमोर मान खाली घालायची गरज नाही.

ज्या घरात असं मूल आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी: सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयरोग दोन्ही येतात, त्यातूनच जिल्हा पातळीवर लवकर उपचारांची केंद्रं चालतात, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि रत्नागिरीवाल्यांनी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. फिजिओ, स्पीच थेरपी पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हायला हवी, मूल तीन वर्षांचं झाल्यावर नाही. दिव्यांग कायदा २०१६ चा आहे, बौद्धिक दिव्यांगत्व त्यात आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, तिची माहिती फार कमी घरांना आहे.

सासूबाईंचं बोलणं तुला सगळ्यात जास्त लागलंय, ते पत्रात दिसतं, त्या ओळीवर शाई पसरलीय. ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. बहुतेक वेळा हे जास्तीचं गुणसूत्र बीज तयार होतानाच आलेलं असतं, म्हणजे दिवस जायच्या आधी, तू सुरी धरलीस तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बाईच्या बीजांची वाटणी ती स्वतः आईच्या पोटात असताना सुरू होते आणि मध्येच थांबून राहते, काही वर्षांनी एकेक महिन्याला पुढे सरकते, इतकी वर्षं थांबल्यामुळे वय वाढलं की वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं. पंचविशीत साधारण १२५० मध्ये एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. पपई खाल्ली, स्कूटरवर बसली, मासे खाल्ले, कुणाची नजर लागली, यातलं काहीही नाही. आणि वाटणी चुकते ती आपोआप, कुणाच्या चुकीने नाही, काही वेळा ती बाबाच्या बाजूनेही चुकते.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्याकडे भीती घालवायला दुसरं काही साधन नाहीये, ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतील तर घालू देत, माझीही त्याला ना नाही, बाळ सुखरूप राहो म्हणून घातलेलं गाऱ्हाणं कुणाला लागत नाही. फक्त कौल या गोष्टीसाठी लावायचा नाही, हे नवऱ्याने त्यांना सांगायला हवं, तू नाही. उजवा पडला तर टेस्ट कशाला म्हणतील आणि डावा पडला तर तू नऊ महिने त्याच भीतीत काढशील.

नवऱ्याचं ‘तू ठरव’. यावर मी जरा स्पष्ट बोलते. हे ऐकायला समजूतदार वाटतं, आणि त्याच्या मनात ते तसंच असेलही. पण फोनवर एवढं म्हणून माणूस ड्युटीवर गेला की सगळं ओझं तुझ्या एकटीवर येतं, उद्या काहीही झालं तरी ‘तूच ठरवलंस’ हे वाक्य त्या घरात तयार राहतं. शेवटचा शब्द तुझा, ते बरोबरच, पण विचार दोघांचा. त्याला हा लेख पाठव. रजा टाकून रात्रीची कोकणकन्या पकडून ये म्हणावं, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा, आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, आणि जमलं तर जेनेटिक काउन्सेलरला भेटा, हल्ली व्हिडिओ कॉलवरही भेटतात. त्याला एकच प्रश्न विचार, ‘बाळाला डाऊन आहे असं पक्कं कळलं तर तू काय करशील?’ तो गप्प बसेल कदाचित. बसू दे. पण रिपोर्ट यायच्या आधी हे बोलणं झालेलं बरं.

दुसऱ्या काहीजणींनाही हेच विचारायचं असेल म्हणून पटकन: ज्यांचा चौदावा आठवडा उलटून गेलाय, माहेरी होत्या, सोनोग्राफी राहिली, काहीही कारण असो, त्यांना पंधरा ते वीस आठवड्यांत क्वाड्रपल मार्कर करता येतो, तो साधारण १०० पैकी ८० बाळं ओळखतो. जुळी असतील तर रक्ताचे आकडे तितके भरवशाचे नसतात, एनटीवर जास्त भिस्त. आणि ज्यांचा लो आला, १:३००० वगैरे, त्यांचा रिस्क शून्य नाही पण काळजी करण्यासारखाही नाही.

तुझा शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळीही असंच होणार का. रिपोर्ट हाय आला म्हणून पुढच्या बाळंतपणात काही वाढत नाही, आणि तुझ्या मोठीचा तर याच्याशी काडीचा संबंध नाही. या बाळाला खरंच डाऊन निघाला तर मात्र पाण्याच्या पूर्ण रिपोर्टमध्ये तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघायचं. शंभरात सुमारे ९५ जणांमध्ये तो सुट्या जास्तीच्या गुणसूत्राचा असतो, त्यात पुढच्या वेळी परत होण्याची शक्यता तुझ्या वयाला साधारण एक टक्का. तीन-चार टक्क्यांमध्ये ते गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं, तेव्हाच फक्त तुझी आणि नवऱ्याची दोघांचीही रक्ततपासणी करायची, कारण तो प्रकार आई किंवा बाबा कुणाकडूनही येऊ शकतो. म्हणून झटपट रिपोर्टवर थांबू नका, पूर्ण कॅरिओटाइपचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. लॅबने एनटी घालून आकडा परत काढून दिला की त्याचा फोटो मला पाठव, मी वाट बघते.